निळा रंग गेला कुठे?

या महिन्याच्या टपालात चार पत्रं अशी निघाली की चौघांना विचारायचंय वेगवेगळं, पण चौघांच्या हातात पूड एकच: काळी, हलकी, बोटाला लागली की साबणाने निघत नाही अशी. ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) आणि धातूचं ऑक्साइड यांची जोडी. मी इचलकरंजीची. वडील एका प्रोसेसमध्ये रंगमास्तर होते, मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे रंगाच्या पाण्याचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं. संपादकांनी ते आता गृहीत धरलंय, तुम्हीही धरा.

प्रश्न : आमचं सूत रंगवण्याचं छोटं डाइंग आहे. टॉवेल आणि चादरीवाल्यांना सूत रंगवून देतो. रोज साधारण पन्नास हजार लिटर रंगीत पाणी निघतं. फेरस (हिराकस) आणि चुना टाकून रंग तळाला बसवतो, पण गाळाचे ढीग लागतात. मध्यंतरी एक विक्रेता आला. बरणीत निळं पाणी घेतलं, त्यात चमचाभर काळी पूड टाकून ढवळली आणि दहा मिनिटांत पाणी नितळ. म्हणाला, हे ग्राफीन-झिंक नॅनोकंपोझिट आहे, उन्हात रंग जाळून टाकतं आणि वापरलेली पूड पुढे बॅटरीवाले विकत घेतात. घ्यावी का? — एक डाइंगवाले, सोलापूर

उत्तर : आत्ता घेऊ नका.

तुम्ही एसटी पार्सलने पाठवलेला पाच लिटरचा कॅन आणि पुडी दोन्ही पोचलं. (झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावायला हवा होता. पार्सलवाल्याचा हात लाल झाला आणि बोलणी मी खाल्ली.) कॅनमधलं लाल पाणी पाहताक्षणी लक्षात आलं की विक्रेत्याने तुमचं पाणी वापरलंच नव्हतं. त्याने स्वतःबरोबर निळं पाणी आणलं होतं. ते मिथिलीन ब्लू असणार, कारण जगभरच्या प्रयोगशाळा या कामाला तेच वापरतात. माशांच्या टाकीत औषध म्हणून घालतात तेच हे.

मी चार पेले मांडले. पहिल्यात मिथिलीन ब्लू आणि चिमूटभर पूड, हा कपाटात बंद. दुसऱ्यात तुमचं पाणी आणि तेवढीच पूड, हाही कपाटात. तिसऱ्यात तेच, पण गच्चीवर उन्हात. चौथ्यात तुमचं पाणी नुसतंच, पुडीशिवाय, तिसऱ्याच्या शेजारी. दहा मिनिटांनी कपाट उघडलं तर पहिला पेला नितळ! कपाटात ऊन कुठून येणार? म्हणजे रंग उन्हाने जळलाच नव्हता. वरचं पाणी ओतून दिलं, तळाची पूड थोडं व्हिनेगर घातलेल्या स्पिरिटमध्ये हलवली, आणि स्पिरिट निळं झालं. रंग पुडीत जाऊन बसला होता, दुसरं काही नाही.

तुमच्या पाण्याचं मात्र वेगळं झालं. दुसरा पेला जसाच्या तसा लाल. तिसरा संध्याकाळपर्यंत जेमतेम फिका झाला, चौथ्याच्या शेजारी धरला तरच फरक कळावा इतका.

असं का, ते तुमच्या धंद्यातल्या भाषेत सांगते. मिथिलीन ब्लूच्या रेणूवर धन भार असतो. पुडीतल्या ग्राफीन ऑक्साइडच्या, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेल्या ग्राफीनच्या, पापुद्र्यांवर, विशेषतः कडांना, ऋण भार. दोघं एकमेकांना धरतात. तुम्ही सुतावर चढवता ते रिॲक्टिव्ह रंग. पाण्यात विरघळावेत म्हणून त्यांच्यावर सल्फोनेटचे गट लावलेले असतात, म्हणजे तेही ऋण. ऋणाला ऋण जवळ करत नाही. तुम्ही रंगाच्या बाथमध्ये लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ का टाकता? कापसाचा धागाही पाण्यात ऋणच असतो, मीठ टाकल्याशिवाय रंग त्याच्याकडे सरकत नाही. तीच अडचण इथे, फक्त धाग्याच्या जागी पूड.

आता उन्हाचं. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन उडून वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करते, आणि ते रॅडिकल रंगाचे तुकडे पाडतं. इथपर्यंत विक्रेता खरं बोलला. पण बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम व्हायच्या आत परत खड्ड्यात पडतात. ग्राफीनचं काम त्या इलेक्ट्रॉनला उचलून लांब नेण्याचं, म्हणजे खड्डा मोकळा राहतो. कल्पना छान आहे आणि प्रयोगशाळेत ती चालते. तुमच्या हौदात तिच्या वाटेत तीन गोष्टी येतात. टायटॅनियम डायऑक्साइडला ३८७ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो, झिंकचंही जवळपास तसंच, आणि उन्हात असा प्रकाश शेकडा पाचच्या आसपास. दुसरं, गडद लाल पाण्यात तो दोन बोटंसुद्धा खाली उतरत नाही. तिसरं, तुम्ही रंग पक्का करायला सोडा टाकता. त्यातलं कार्बोनेट हे रॅडिकल रंगाआधी स्वतःच खाऊन टाकतं.

शिवाय झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं आणि कडक कॉस्टिकमध्येही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात झिंकची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. रंग काढायच्या नादात झिंक सोडून बसलात तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस त्यासाठी येईल.

आता तुम्हाला माहीत असलेली एक गोष्ट. व्हॅट रंग चढवताना तुम्ही कॉस्टिक आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) मारता. रंगाची सगळी छटा बदलते, काही रंग तर ओळखू येत नाहीत. मग सूत बाहेर काढून हवा दिली की रंग परत. मधल्या वेळात रंग नष्ट झाला होता असं तुम्ही म्हणाल का? मिथिलीन ब्लूचंही तेच. मी वर्गात दरवर्षी दाखवायचे: बाटलीत कॉस्टिक, ग्लुकोज आणि दोन थेंब मिथिलीन ब्लू. बाटली ठेवली की पाणी बिनरंगी, हलवली की निळं, ठेवली की पुन्हा बिनरंगी. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती जागी व्हायची. तेव्हा डोळ्याला रंग दिसत नाही एवढ्यावर पैसे मोजू नका. पूड टाकण्याआधीचं आणि नंतरचं पाणी बाहेरच्या प्रयोगशाळेत देऊन सीओडी काढा, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा. सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या खाली आला पाहिजे. रंग गेला आणि सीओडी तिथेच राहिला, तर रेणूचे फक्त तुकडे झालेत आणि ते बिनरंगी होऊन पाण्यातच आहेत.

हिशेबही करू. पन्नास हजार लिटर पाणी, लिटरला १०० मिलिग्रॅम रंग धरा. म्हणजे रोज ५ किलो रंग. पुडीने ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम रंग धरला, आणि हा मी फार उदार आकडा देते आहे, तर रोज २५ किलो पूड. ही पूड बाजारात ग्रॅमच्या भावाने मिळते. ती बनते कशी तेही बघा. ग्राफीन ऑक्साइडची हमर्स पद्धत १९५८ची. मूळ कृतीत १०० ग्रॅम ग्राफाइटला २.३ लिटर तीव्र गंधकाम्ल आणि ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आहे. किलोला २३ लिटर ॲसिड झालं. ते ॲसिड धुतलेलं पाणी कुणाच्या नदीत जातं, हे तुमच्या विक्रेत्याला एकदा विचाराच.

आणि बॅटरीवाले वापरलेली पूड घेतात हे मला कुणी लेखी दिलं तरी मी मानणार नाही. रंग शोषलेली पूड भाजून तिचा कार्बन इलेक्ट्रोडसाठी वापरण्याचे प्रयोग होतात, हे खरं. पण बॅटरीवाल्याला मीठ, लोखंड आणि दर खेपेला वेगळा रंग असलेला माल कशाला हवा? घातक कचऱ्याचे २०१६चे नियम बघा. तुमचा फेरसचा गाळ जिथे पाठवावा लागतो, तिथेच ही पूडही जाईल, फक्त दहापट महाग होऊन.

मग करायचं काय? बाथ सोडल्यावरचं पहिलं घट्ट पाणी आणि नंतरच्या धुण्याचं पाणी वेगळ्या हौदांत घ्या. एवढं केलं तरी फेरस-चुना निम्म्या पाण्यालाच लागेल. कमी मिठात चढणारे रंग मिळतात, महाग पडतात, पण गाळाच्या वाहतुकीचा खर्च बाजूला ठेवून तुलना करू नका. आणि पुन्हा कुणी बरणी घेऊन आला तर त्याला तुमच्या हौदातलं पाणी द्या. तो पाणी घेऊन परत आला तर मला कळवा, मला आनंदच होईल.

प्रश्न : मुलाने 'ग्राफीन पॉवर बँक' मागवली आहे. पाच मिनिटांत चार्ज होते आणि बॅटरीपेक्षा जास्त टिकते म्हणे. हे कितपत खरं? — एक आई, पनवेल

उत्तर : डब्यावर एमएएच लिहिलेलं असेल तर आत लिथियमचाच सेल आहे. ग्राफीन असलंच तर उष्णता पसरवायला किंवा इलेक्ट्रोडमध्ये चिमूटभर.

पाच मिनिटांत भरतो तो सुपरकपॅसिटर, आणि त्याचं गणित वेगळं. तो झटकन भरतो, झटकन रिकामा होतो, लाखो वेळा हे करूनही थकत नाही. पण त्यात मावतं थोडं: किलोला ५ ते १० वॅट-तास, जिथे चांगला लिथियम सेल २००च्या वर जातो. शांघायमध्ये २००६पासून सुपरकपॅसिटरवर बस धावली, ती थांब्याथांब्याला थोडं थोडं चार्ज होत. तुमच्या मुलाला पनवेल ते सीएसएमटी दर स्टेशनला उतरून प्लग शोधायचा नसेल, तर साधी पॉवर बँक बरी.

धातूचं ऑक्साइड आणि कार्बन ही जोडी काही नवी नाही, हे जाता जाता. जुन्या टॉर्चचा सेल फोडून आतली काळी कांडी काढली असेल तुम्ही लहानपणी. आम्ही तिने फरशीवर लंगडीचे पट आखायचो. कांडीभोवतीची ती काळी लुसलुशीत पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन. लक्लांशेने ही जोडी १८६६ साली सेलमध्ये घातली. कारणही तेच: ऑक्साइड वीज साठवण्याच्या रासायनिक कामात तयार, पण वीज वाहून न्यायला आळशी. कार्बन त्याला रस्ता करून देतो.

प्रश्न : मी कोल्हापुरात एमएस्सी करते. प्रोजेक्ट आहे निकेल ऑक्साइड आणि रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा (ज्यातला बराचसा ऑक्सिजन काढून टाकलेला असतो). सरांनी सांगितलंय की एकाच मटेरियलवर रंग काढणं आणि सुपरकपॅसिटर, दोन्ही दाखव. प्रत्येक पेपरमध्ये 'सिनर्जिस्टिक इफेक्ट' लिहिलेलं असतं, पण तो नेमका काय ते कुठेच नसतं. लोकांचे ग्रॅमला हजाराच्या वर फॅरड (विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेचं माप) येतात, माझे दोनशेच. शिवाय ग्राफीन ऑक्साइड धुताना त्याची जेली झाली. चुकलं का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : जेली झाली म्हणजे बरोबर आलंय. ॲसिड जसजसं निघून जातं तसतसे पापुद्रे सुटे होतात, पाणी धरून फुगतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसेनासे होतात. मला पहिल्या खेपेला धुवायला पाच दिवस लागले होते. घाई करू नकोस. त्याआधीची पायरी, म्हणजे परमँगनेट टाकणं, त्याहून सावकाश कर. बर्फात, चिमटीचिमटीने, तापमान २०च्या वर जाऊ न देता. गंधकाम्लात परमँगनेटचं मँगनीज हेप्टॉक्साइड होतं, ते हिरवट तेलासारखं असतं आणि ५५ अंशांच्या आसपास स्फोट होतो. आमच्या लॅबमध्ये एका मुलाने चमचा उपडा केला होता. जांभळा धूर छतापर्यंत गेला, मुलगा वाचला, पण फ्यूम हूडचा पंखा तीन महिने बंद आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. दुरुस्तीचा अर्ज माझाच होता, कार्यालयाच्या फायलीत पडून होता. आता गंमत म्हणून सांगते, तेव्हा हात थरथरत होते. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर ते तपकिरी मिश्रण क्षणात सोनेरी पिवळं होतं ना, ते मात्र मी कितीही वेळा बघू शकते.

आता 'सिनर्जी'. दोन गोष्टी आहेत. ग्राफीनचं सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅमला २६३० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची वीस मैदानं एका चिमटीत. प्रत्यक्षात सुकल्यावर पापुद्रे एकमेकांवर बसतात आणि मैदानं गायब. पापड लाटताना थराथरात पीठ का भुरभुरतो आपण? निकेल ऑक्साइडचे कण ते पिठाचं काम करतात. उलट बाजूने, ऑक्साइडचे कण एकटे असले की गोळा होतात आणि वीज नीट नेत नाहीत. पापुद्रा त्यांना पसरून धरतो आणि इलेक्ट्रॉनला रस्ता देतो. एवढाच त्या मोठ्या शब्दाचा अर्थ.

तो दाखवायचा मात्र असतो. चार नमुने कर: नुसतं ऑक्साइड, नुसतं रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड, दोघांचं खलात घोटलेलं मिश्रण आणि तुझं कंपोझिट. चौथं तिसऱ्यापेक्षा ठळक सरस निघालं तरच तो शब्द लिही. २०१०मध्ये चीनमधल्या फुझौ विद्यापीठाच्या यी-जुन शू यांच्या गटाने शीर्षकातच विचारलं होतं की टायटॅनियम डायऑक्साइड-ग्राफीन हे त्याच्या इतर कार्बनबरोबरच्या कंपोझिटपेक्षा खरंच वेगळं आहे का. त्यांची तक्रार हीच होती की लोक नीट तुलना न करता ग्राफीनचे गोडवे गातात. तो पेपर वाच, मग बाकीचे.

आणि २००८चा एक वाच, प्रशांत कामत यांच्या गटाचा. त्यांची पीएचडी मुंबई विद्यापीठाची, काम अमेरिकेत नोट्रडेमला. अल्कोहोलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि ग्राफीन ऑक्साइड मिसळून त्यावर अतिनील दिवा लावला, आणि फिकट तपकिरी द्राव काळा होत गेला. ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन खरोखर ग्राफीनकडे गेले आणि त्यांनीच त्याचं रिडक्शन केलं, हे रंगावरून दिसलं. इतका साधा आणि इतका बोलका पुरावा मी फार कमी पाहिलाय.

रंग काढण्याच्या भागात दिवा लावण्याआधी बीकर अर्धा तास अंधारात ढवळ आणि त्यानंतरचं रीडिंग शून्य मिनिट धर. नाहीतर पुडीने शोषलेला रंगही तू प्रकाशाच्या खात्यावर टाकशील. मिथिलीन ब्लू स्वतः ६६४ नॅनोमीटरला प्रकाश खातो आणि त्याचे इलेक्ट्रॉन तुझ्या मटेरियलमध्ये ढकलतो, म्हणून दिसणाऱ्या प्रकाशात काम करणारा कॅटॅलिस्ट सापडल्याचा भास होतो. बरोबर एक बिनरंगी पदार्थ, फिनॉल समज, तपासून बघ. आणि जमलं तर एखादा रिॲक्टिव्ह रंग. वर सोलापूरच्यांचं काय झालं ते वाचलंसच.

दोनशे फॅरडची लाज बाळगू नकोस. हजाराच्या वरचे पुष्कळ आकडे एखादा मिलिग्रॅम मटेरियल निकेल फोमवर (निकेलच्या सच्छिद्र पट्टीवर) लावून, तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत, कॉस्टिक पोटॅशमध्ये काढलेले असतात. फोम स्वतःही त्या द्रावात थोडं काम करतो, म्हणून नुसत्या फोमचं रीडिंग आधी घे. आणि खरा सेल दोन इलेक्ट्रोडचा असतो. दोन्हींचं वजन धरलं की तोच ग्रॅममागचा आकडा चौथाईवर येतो. निकेल ऑक्साइड तर पोटॅशमध्ये वागतंच बॅटरीसारखं. चार्ज-डिस्चार्जच्या आलेखात तुला सरळ उताराऐवजी सपाट पायरी दिसत असेल. तसं असेल तर फॅरड लिहूच नकोस, ग्रॅममागे कूलंब लिही. सरांना आवडणार नाही कदाचित. २०१५मध्ये ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी याच चुकीवर लिहिलंय, तो पेपर सरांच्या टेबलावर ठेव.

एक सूचना, मानलीस तर. कोल्हापुरात आहेस, तिथे शिवाजी विद्यापीठात धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांवर आणि सुपरकपॅसिटरवर कित्येक वर्षं काम झालेलं आहे. 'सिलार' पद्धत शिकून घे. एका बीकरमध्ये पट्टी बुडवायची, पाण्यात खंगाळायची, दुसऱ्या बीकरमध्ये बुडवायची, पुन्हा खंगाळायची, असं पन्नास-शंभर वेळा. चार बीकर आणि घड्याळ एवढंच लागतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वडील डोळ्यांसमोर उभे राहिले: लडी बुडवणार, पिळणार, खंगाळणार, पुन्हा बुडवणार, दर खेपेला रंग किंचित गडद. त्यांना रसायनशास्त्रातलं एक समीकरण येत नव्हतं, पण किती बुडव्यांनी कुठली छटा येते हे ते न बघता सांगायचे.

प्रश्न : मी आठवीत आहे. पेन्सिल आणि चिकटपट्टीने घरी ग्राफीन करता येतं का? — म्हापशाहून एक मुलगा

उत्तर : करता येतं, बघता येत नाही. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांनी मँचेस्टरमध्ये ग्राफाइटला चिकटपट्टी लावून सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा पापुद्रा मिळवला, २००४ साली पेपर आला आणि २०१०मध्ये नोबेल. एक मिलिमीटर जाड ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लाख पापुद्रे मावतात. पट्टीवर ग्राफाइटचा छोटा कण ठेव, घडी घाल, उघड, पुन्हा घाल. दहा-बारा वेळा केल्यावर डाग राखाडी आणि फिका होत जाईल. त्यात कुठेतरी खरंखुरं ग्राफीन असू शकतं, पण तो एकटा पापुद्रा प्रकाशाचा फक्त २.३ टक्के भाग अडवतो. तो दिसावा म्हणून त्यांनी खास ऑक्साइडचा थर दिलेली सिलिकॉनची चकती वापरली होती. तुझ्याकडे ती नाही, माझ्याकडेही नाही.

त्याऐवजी हे कर. ६बी पेन्सिल आण. साध्या एचबीमध्ये चिकणमाती जास्त असते, ती चालणार नाही. कागदावर बोटभर रुंद आणि पाच सेंटिमीटर लांब पट्टा काढ आणि तो चकाकेपर्यंत गिरवत राहा, कंटाळा येईपर्यंत. मधोमध थोडी मोकळी जागा सोड. तिथे लाल एलईडीचे दोन पाय पट्ट्याच्या दोन्ही तुकड्यांवर टेकवून चिकटपट्टीने घट्ट बसव आणि पट्ट्याच्या दोन टोकांना ९ व्होल्टच्या बॅटरीच्या वायरी दाब. खोलीत अंधार कर. दिवा मिणमिणता लागेल. नाहीच लागला तर एलईडीचे पाय उलटे करून बघ.